प्रागमध्ये पासपोर्ट हरवला तर: जर्मनीत शिकणाऱ्यांसाठी अर्ज, कागदपत्रं आणि आधी काय, नंतर काय

शुक्रवारी संध्याकाळी ड्रेस्डेनहून गाडीत बसलं की अडीच तासांच्या आसपास प्राग. एल्बे नदीच्या काठाकाठाने जाणारी ही वाट इतकी देखणी आहे की सीमा कधी ओलांडली ते कळत नाही. म्हणूनच बरीच मुलं पासपोर्ट खोलीवर ठेवून निघतात. मी सोबत घेतला होता, पण सॅकच्या वरच्या कप्प्यात. रविवारी दुपारी बस स्थानकावर सॅक बाकाखाली सरकवली, मोबाइलवर तिकीट शोधलं, खाली पाहिलं तर सॅक गायब. पाकीट पँटच्या खिशात होतं म्हणून रेसिडन्स कार्ड, म्हणजे जर्मनीत राहण्याच्या परवान्याचं कार्ड, वाचलं. पुढचे दोन महिने कागद गोळा करण्यात गेले. कुठला कागद कुणाकडे मागायचा हे त्या दिवशी कुणी सांगितलं असतं तर त्यातले निदान दोन आठवडे वाचले असते.

आधी जाण्याचा हक्क कुणाला ते पाहू. तुमच्याकडे जर्मनीचं चालू रेसिडन्स परमिट किंवा पासपोर्टवर चिकटवलेला 'डी' व्हिसा असेल, तर बाकीच्या शेंगेन देशांत, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात, कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवस फिरता येतं, वेगळा व्हिसा लागत नाही. आज शेंगेनमध्ये २९ देश आहेत. क्रोएशिया २०२३ मध्ये आला, बल्गेरिया आणि रुमानियाच्या जमिनीवरच्या सीमा १ जानेवारी २०२५ पासून खुल्या झाल्या. लंडन, डब्लिन आणि सायप्रस यात बसत नाहीत. स्वस्त विमान दिसलं म्हणून डब्लिनचं तिकीट काढणारा एक तरी जण प्रत्येक बॅचमध्ये असतोच.

परमिटची मुदत संपून नव्या कार्डाची वाट पाहणाऱ्यांना परदेशी नागरिक कार्यालय, म्हणजे आउसलेंडरबेहोर्डे, एक घडीचा कागद देतं: फिक्त्सिओन्सबेशायनिगुंग. त्यावर कुठल्या चौकोनात खूण आहे ते नीट बघा. निवास कायद्याच्या कलम ८१ च्या चौथ्या उपकलमाची खूण असेल तर जुन्या परमिटचा हक्क पुढे चालू राहतो. इतर कुठल्याही चौकोनात असेल तर सीमेबाहेर जाऊ नका. खरं सांगायचं तर कार्ड हातात येईपर्यंत कुठल्याच खुणेवर जाऊ नये. विमानतळाच्या काउंटरवरच्या माणसाला तो कागद ओळखता येईल याची खात्री नसते.

आता खिशात काय हवं. मूळ पासपोर्ट आणि मूळ कार्ड, दोन्ही. "शेंगेनमध्ये तपासणी नसते" हे सीनियर्सचं वाक्य विसरा. १६ सप्टेंबर २०२४ पासून जर्मनीने आपल्या सगळ्या जमिनीवरच्या सीमांवर तपासणी सुरू केली. ऑस्ट्रियाच्या बाजूला तर ती २०१५ पासूनच आहे. प्रागहून येणाऱ्या गाडीत सीमेजवळच्या बाड शांडाउच्या आसपास बुंडेसपोलित्साय, म्हणजे जर्मन संघीय पोलीस, चढते, आणि मोबाइलमधला फोटो हा त्यांच्या लेखी पासपोर्ट नव्हे. शिवाय दोन्हींचे स्कॅन स्वतःच्या ईमेलवर पाठवून ठेवा. ते सीमेवर चालत नाहीत, पण हरवल्यावर त्यांच्यावाचून पान हलत नाही.

जाता जाता आरोग्य विम्याचं. जर्मनीतल्या सरकारी योजनेतल्या विम्याचं जे कार्ड विद्यार्थ्यांकडे असतं, त्याच्या मागच्या बाजूला युरोपीय आरोग्य कार्ड असतं. प्रागमध्ये पाय मुरगळला तर ते चालतं. पण भारतीय पासपोर्टवाल्याला तेच कार्ड स्वित्झर्लंड, नॉर्वे, आइसलँड, लिख्टेनश्टाइन आणि डेन्मार्कमध्ये चालत नाही. आपल्याकडच्या मुलांना युरोपात पोचल्यावर पहिलं काय पाहायचं असतं? स्वित्झर्लंडचा बर्फ. तेव्हा तिथे जाताना वेगळा प्रवास विमा काढाच.

हरवला तर पहिले काही तास

आधी हॉस्टेल, कॅफे, गाडीची हरवलेल्या वस्तूंची खिडकी, सगळीकडे विचारा. हे मुद्दाम सांगतोय, कारण एकदा हरवल्याची नोंद होऊन पासपोर्ट रद्द झाला की नंतर सापडला तरी त्यावर प्रवास करता येत नाही. पण शोधाशोध तासा-दोन तासांची, दोन दिवसांची नको.

मग पोलीस. चेक पोलिसांचा नंबर १५८, आणि ११२ सगळ्या युरोपीय संघात चालतो. फोनवर सांगून भागत नाही. ठाण्यात जाऊन शिक्क्याचा लेखी रिपोर्ट घ्या आणि त्यात पासपोर्ट क्रमांक लिहून घ्या. माझ्या पहिल्या रिपोर्टात "एक सॅक, एक जॅकेट, कागदपत्रं" एवढंच होतं. स्कॅन दाखवून तो बदलून घ्यायला आणखी दीड तास गेला, पण तो दीड तास सत्कारणी लागला. कार्डही गेलं असेल तर त्याचाही क्रमांक त्याच रिपोर्टात येऊ द्या.

त्यानंतर प्रागमधल्या भारतीय दूतावासाला फोन. इथेच सगळ्यात मोठा घोटाळा होतो, म्हणून जरा थांबून सांगतो. कुणीतरी सांगतं, "इमर्जन्सी सर्टिफिकेट काढ, लगेच मिळतं." ते लवकर मिळतं हे खरं. पण ते फक्त भारतात परतण्यासाठी असतं, एकाच दिशेचं. त्यावर ड्रेस्डेनला येता येत नाही. घरी कुणी आजारी आहे, सेमिस्टर संपलंय, जायचंच आहे, अशांसाठी तो मार्ग. तो घेतलात तर भारतात पोचून पासपोर्ट सेवा केंद्रातून नवा पासपोर्ट काढावा लागेल. रेसिडन्स कार्ड हातात असेल तर नवा पासपोर्ट आणि ते कार्ड घेऊन परतता येतं. कार्डही गेलं असेल तर मुंबईच्या जर्मन वाणिज्य दूतावासातून परत येण्याचा व्हिसा. आणि जर्मनीबाहेर सहा महिन्यांहून जास्त राहिलात तर परमिट साधारणपणे आपोआप संपतं, हे विसरू नका.

माझं कार्ड खिशात होतं. पोलीस रिपोर्ट आणि पासपोर्टच्या स्कॅनची छापील प्रत घेऊन मी रात्रीच्या गाडीने निघालो. सीमेवर पोलिसांनी कार्ड तपासलं, रिपोर्ट उलटसुलट पाहिला, कुठेतरी फोन लावला आणि वीस मिनिटांनी सगळं परत दिलं. तो माझा हक्क नव्हता, त्या अधिकाऱ्याचा निर्णय होता. म्हणून निघण्याआधी दूतावासाला आणि जमलं तर आपल्या आउसलेंडरबेहोर्डेला विचारून निघा. हेच लंडनमध्ये झालं असतं तर विमानात पायही ठेवता आला नसता.

नव्या पासपोर्टचा अर्ज

हा अर्ज हरवलं त्या गावात करायचा नसतो, राहता त्या पत्त्याप्रमाणे करायचा असतो. ड्रेस्डेन किंवा लाइप्झिगवाल्यांनी बर्लिनचा दूतावास, आखेन आणि कोलोनवाल्यांनी फ्रँकफर्ट, स्टुटगार्टवाल्यांनी म्युनिक, ब्रेमेन आणि हानोफरवाल्यांनी हॅम्बुर्ग. परराष्ट्र मंत्रालयाच्या पासपोर्ट सेवा संकेतस्थळावर आपला दूतावास निवडून 'री-इश्यू' आणि कारण 'हरवला' असं भरायचं, छापून सही करायची आणि वेळ घेऊन स्वतः जायचं.

मला लागलेली कागदपत्रं अशी:
- पोलीस रिपोर्टची मूळ प्रत आणि इंग्रजी भाषांतर
- जुन्या पासपोर्टच्या पहिल्या आणि शेवटच्या पानाची प्रत
- रेसिडन्स कार्डाची दोन्ही बाजूंची प्रत
- राहत्या पत्त्याची नोंद, म्हणजे मेल्डेबेशायनिगुंग
- विद्यापीठाचं चालू सेमिस्टरचं प्रमाणपत्र
- परिशिष्ट 'एफ'
- फोटो

परिशिष्ट 'एफ' म्हणजे प्रतिज्ञापत्र: पासपोर्ट कुठे, कधी, कसा गेला, आणि याआधी कधी हरवला होता का. इथे रिपोर्टातली तारीख आणि तुमची तारीख जुळली पाहिजे. फोटोचं माप दूतावासाच्या पानावर पाहूनच काढा. स्टेशनवरच्या यंत्रातले माझे चार फोटो वाया गेले. शुल्काची तयारी ठेवा. भारतात साध्या ३६ पानी पासपोर्टला १५०० रुपये आणि हरवल्याच्या बदल्यात ३००० रुपये लागतात. परदेशातही हरवलेल्याचं शुल्क साध्यापेक्षा बरंच जास्त.

वेळ कुठे जातो? दूतावास जुना पासपोर्ट देणाऱ्या कार्यालयाकडे, म्हणजे पुणे, नागपूर वगैरे, विचारणा करतो आणि घरच्या पत्त्यावर पोलीस पडताळणी होऊ शकते. घरच्यांना आधीच सांगून ठेवा. मी सांगितलं नव्हतं. आमच्याकडे ठाण्यातून हवालदार आले तेव्हा आईला वाटलं, पोरगा तिकडे तुरुंगात आहे. घर बदललं असेल तर जुन्या पत्त्यावर कुणी ओळखीचं आहे ना तेही बघा, नाहीतर फाइल तिथेच अडकते.

कार्ड गेलं असेल तर

जर्मनीत पोचताच आउसलेंडरबेहोर्डेला लेखी कळवा. कार्डातली ऑनलाइन ओळखीची सोय सुरू केली असेल तर ती ११६ ११६ या नंबरवर बंद करता येते. जर्मनीबाहेरून +४९ लावून तोच नंबर. याच नंबरवर बऱ्याच बँकांची कार्डंही बंद होतात, तेव्हा एवढा एक आकडा पाठ असू द्या. नवं कार्ड बर्लिनच्या सरकारी छापखान्यातून येतं आणि त्याला काही आठवडे लागतात. कार्ड शाबूत असलं तरी नवा पासपोर्ट मिळाल्यावर कार्यालयाला कळवून ते नव्या पासपोर्टाशी जोडून घ्यावं लागतं. ही वेगळी भेट, तिची वेगळी रांग. पासपोर्टचा अर्ज केल्याच्या दिवशीच त्या भेटीसाठी ईमेल टाकून ठेवा.

मधल्या काळात पोलीस रिपोर्ट, अर्जाची पावती आणि कार्ड असं त्रिकूट सोबत ठेवायचं आणि सीमेपलीकडची तिकिटं काढायची नाहीत. फिरायचंच असेल तर डॉइचलांड-टिकिटावर, म्हणजे जर्मनीभर स्थानिक गाड्यांत चालणाऱ्या मासिक तिकिटावर, माइसन, बाउट्झन, ग्योर्लिट्झ ही जवळची गावं आहेतच. फक्त आयसीई आणि आयसी या लांब पल्ल्याच्या गाड्यांत चढू नका, त्यात ते चालत नाही आणि किमान ६० युरोंचा दंड बसू शकतो. ग्योर्लिट्झला गेलात तर जुन्या गावातला नदीवरचा पादचारी पूल दिसेल, पलीकडे जावंसं वाटेलच. पूल संपतो तिथे पोलंड सुरू होतं.