आयत्या तेलावर जगणारी बुरशी

पाठीवर फिकट डाग उठले की पहिली धास्ती कोडाची, आणि पाठोपाठ सुरू होतात रक्तशुद्धीचे काढे. रक्ताचा इथे काडीचाही संबंध नाही. डाग नखाने हलकेच खरवडून बघा. बारीक भुसा निघाला तर ती बहुधा शिबं. कोडात असा भुसा निघत नाही.

शिबं होतात मॅलासेझिया नावाच्या यीस्टमुळे (यीस्ट म्हणजे एकपेशीय बुरशी). जवळपास प्रत्येक मोठ्या माणसाच्या त्वचेवर ते असतंच, त्यामुळे शिबं एकमेकांच्या टॉवेलमधून लागत नाहीत आणि घासघासून अंघोळ केल्याने जातही नाहीत.

खरी गंमत त्याच्या जेवणात आहे. मॅलासेझिया ग्लोबोसा या त्याच्या एका जातीचा जनुकसंच 2007 मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा त्यात मेदाम्लं (फॅटी अ‍ॅसिड्स, म्हणजे तेला-तुपाचे घटक) तयार करणाऱ्या एन्झाइमचा जनुकच सापडला नाही. मेदाम्लांशिवाय पेशीचं आवरण बांधायचं कशाने? मग हे यीस्ट लायपेझ नावाचं तेल फोडणारं एन्झाइम बाहेर सोडतं, आपल्या तैलग्रंथींच्या स्रावातली ट्रायग्लिसराइड्स, म्हणजे तेलाचे रेणू, फोडतं, संपृक्त मेदाम्लं उचलतं आणि ओलेइक आम्लासारखी असंपृक्त तिथेच टाकतं. हे उरलंसुरलं ज्यांच्या त्वचेला सोसत नाही, त्यांच्या टाळूवरच्या पेशी भराभर सुटतात. डोक्यातला कोंडा तो हाच. तैलग्रंथी वयात येताना जाग्या होतात, म्हणून हा त्रासही तेव्हाच सुरू होतो. प्रयोगशाळेत मॅलासेझियाच्या बहुतेक जाती साध्या माध्यमावर वाढतच नाहीत. वर ऑलिव्ह तेल घालावं लागतं. अतिदक्षता विभागात शिरेतून स्निग्ध द्रव घेणाऱ्या कमी दिवसांच्या बाळांत तर हे यीस्ट कधीकधी रक्तातही शिरतं.

अँटिबायोटिक्स जिवाणूंसाठी असतात, इथे त्यांचा उपयोग नाही. किटोकोनॅझोल बुरशीच्या पेशीपटलाला लागणारं एर्गोस्टेरॉल बनू देत नाही. ते शाम्पू किंवा मलम म्हणून वापरतात. यकृताला इजा होऊ शकते, म्हणून शिबांसाठी त्याच्या गोळ्या देत नाहीत. सेलेनियम सल्फाइडही चालतं. डाग खूप पसरले असतील तर डॉक्टर इट्राकोनॅझोल किंवा फ्लुकोनॅझोल पोटातून देतात. स्टेरॉइडची मलमं मनाने लावू नयेत, त्यांनी बुरशीचं फावतं.

उपचारानंतरही डाग फिकेच दिसतात आणि लोक डॉक्टर बदलतात. भुसा निघायचा थांबला असेल तर औषधाने काम केलेलं असतं. रंगद्रव्य भरून यायला मात्र काही महिने जातात.

‘मुळापासून नायनाट’ करणाऱ्या जाहिराती सोडून द्या. हे यीस्ट कायमचं हटवता येत नाही. ज्यांना शिबं पुन्हा पुन्हा होतात, त्यांना डॉक्टर ठरावीक काळाने तोच शाम्पू अंगाला लावायला सांगतात.