‘सुयोग्य शिक्षण’ म्हणजे नेमकं किती?

२३ मार्च १९८२. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात मायकेल चॅटॉफ युक्तिवादाला उभे राहिले, तेव्हा त्यांच्यासमोर एक पडदा होता. न्यायमूर्तींचा प्रश्न लघुलिपिक टाइप करी, तो पडद्यावर उमटे, मग चॅटॉफ उत्तर देत. त्या न्यायालयात बाजू मांडणारे ते पहिले कर्णबधिर वकील. त्यांची अशील एमी रोली ही न्यूयॉर्क राज्यातली कर्णबधिर शाळकरी मुलगी. मागणी एवढीच, की वर्गात सांकेतिक भाषेचा दुभाषी द्या.

त्याआधीचं भांडण दुभाष्याचं नव्हतंच. शाळेत पाऊल ठेवू देण्याचं होतं. ‘मानसिक वय’ पाच वर्षांचं झालेलं नाही, असं म्हणून पेनसिल्व्हेनियातल्या शाळा मुलांना कायद्याने परत पाठवू शकत. १९७१ मध्ये पालकांची संघटना कोर्टात गेली आणि राज्याला तडजोड करावी लागली. वॉशिंग्टनमधल्या १९७२ च्या मिल्स खटल्यात शिक्षण मंडळाने नेहमीचं कारण पुढे केलं: पैसे नाहीत. न्यायाधीश जोसेफ वॉडी यांनी बजावलं, की चणचण असेल तर तिची झळ अपंग मुलांनाच जास्त बसता कामा नये.

या निकालांच्या पाठोपाठ १९७५ चा कायदा आला. दहा लाख अपंग मुलं शाळेबाहेरच आहेत, असं त्यातच नमूद होतं. प्रत्येक अपंग मुलाला मोफत आणि ‘सुयोग्य’ शिक्षण, शिवाय त्याच्यापुरता वेगळा आराखडा, म्हणजे ‘आयईपी’. पण सुयोग्य कशाला म्हणायचं, हे कायद्याने मोघमच ठेवलं.

एमीचं प्रकरण तिथेच अडलं. शाळेने तिला एफएम श्रवणयंत्र, रोज तासभर खास शिक्षक आणि आठवड्याला तीन तास वाचोपचार देऊ केले होते. ओठ वाचण्यात ती तरबेज. वरच्या वर्गांत जात होती. निकाल ६ विरुद्ध ३ असा तिच्या विरोधात गेला. मुलाच्या क्षमतेला पूर्ण वाव देणं राज्यावर बंधनकारक नाही, शिक्षणाचा लाभ होतोय ना, मग झालं! पोरगी हुशार होती, तेच तिला नडलं. वर्गातलं निम्म्याहून कमी तिला कळतं, ही कसली समान संधी, असं न्या. व्हाइट यांनी भिन्नमतपत्रात लिहिलं. मला तेच पटतं.

पुढे काही न्यायालयांनी हा ‘लाभ’ इतका आखडला, की शून्याच्या जरा वर काही मिळालं तरी चालू लागलं. कोलोरॅडोतल्या एन्ड्रू या स्वमग्न मुलाच्या आराखड्यात दरवर्षी जवळपास तीच उद्दिष्टं उतरवली जात. पालकांनी २०१० मध्ये त्याला खासगी शाळेत घातलं, तिथे तो सुधारला, आणि त्यांनी फी परत मागितली. २२ मार्च २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एकमताने सांगितलं, की मुलाची परिस्थिती पाहून त्याची खरी प्रगती होईल असाच आराखडा हवा. योगायोग असा, की त्याच दिवशी सिनेटमध्ये, सर्वोच्च न्यायालयासाठी नाव सुचवलेले न्यायाधीश नील गोरसच यांच्या नेमणुकीवरची सुनावणी चालू होती, आणि ‘शून्याच्या जरा वर’ हा तोकडा निकष त्यांच्याच एका जुन्या निकालपत्रात होता. सिनेटरांनी त्यांना तिथल्या तिथे छेडलं.

फीची भरपाई खालच्या न्यायालयाने २०१८ मध्ये मंजूर केली. तोवर एन्ड्रूला ती पहिली शाळा सोडून आठ वर्षं होत आली होती.