पार्श्वभूमी : कव्हार्थ्वाचे क्रॉशे

दक्षिण वेल्समध्ये लोखंडाचा कारखाना चालवणाऱ्या क्रॉशे घराण्याचा विषय निघाला की गाडी हमखास व्हेनरच्या दफनभूमीवर येऊन थांबते. तिथे दहा टनांहून जड अशी एक शिळा आहे. भोवती लोखंडी कठडा, शिळेवर नाव आणि खाली इंग्रजीत तीनच शब्द : 'देवा, मला क्षमा कर'. खाली निजलाय रॉबर्ट टॉमसन क्रॉशे. तो १० मे १८७९ रोजी गेला. दक्षिण वेल्समध्ये सांगतात ते असं की याने हट्टापायी कव्हार्थ्वाचा कारखाना बंद केला, हजारो घरांच्या चुली विझवल्या आणि जाताना त्याची कबुली दगडावर कोरून ठेवली. गोष्ट म्हणून झकास आहे. पण कारखाना का बंद पडला ते या शिळेवरून कळत नाही.

मुळात हे घराणं वेल्सचं नव्हेच. रॉबर्टचा पणजोबा रिचर्ड यॉर्कशायरमधल्या शेतकऱ्याचा मुलगा. बापाशी पटेना म्हणून पोरवयात लंडन गाठलं, लोखंडाच्या वखारीत नोकरी धरली आणि पुढे वखारीचा मालकच झाला. मर्थर टिडफिलजवळ टॅफ नदीकाठी कव्हार्थ्वाचा कारखाना आधीपासून होता. एका व्यापाऱ्याने १७६५ साली सुमारे चार हजार एकर जमीन, खालच्या कोळशा-खनिजासकट, ९९ वर्षांच्या पट्ट्याने घेतली होती. भाडं वर्षाला शंभर पौंड! कोळसा, लोहखनिज, चुनखडी आणि पाणी हाकेच्या अंतरावर, आणि त्या सगळ्याचं मोल शंभर पौंड. घराण्याच्या श्रीमंतीचं अर्धं गुपित या कागदात आहे. तो व्यापारी १७८६ मध्ये वारला आणि कारखाना रिचर्डकडे आला. पाचेक वर्षांत भागीदार बाजूला झाले.

उरलेलं अर्धं गुपित म्हणजे पडलिंग, बिडापासून घडीव लोखंड करण्याची पद्धत. ती रिचर्डची नव्हे. पेटंट हेन्री कॉर्टचं, १७८४ सालचं. (ते तरी त्याचं का, जमैकातल्या कृष्णवर्णीय कारागिरांचं कसब त्याने उचललं का, यावर अलीकडे अभ्यासकांची चांगलीच जुंपली.) बिडाचे ठोकळे भट्टीत वितळवायचे, पण कोळसा बाजूच्या कप्प्यात, लोखंडाला शिवतो तो फक्त जाळ. हे काम करणारा कामगार, म्हणजे पडलर, भोकातून लांब सळई घालून रस ढवळत राहतो. बिडातला कार्बन जळत जातो तसा रस आळत जातो, कणकेसारखा होतो. त्याचे गोळे वळायचे, घणाखाली घालायचे, मग फिरत्या लाटांमधून लाटायचे. झालं घडीव लोखंड. गोळा कधी बाहेर काढायचा हे सांगणारं यंत्र नव्हतं, ते पडलरच्या डोळ्याला कळायचं. रिचर्डने टनामागे दहा शिलिंग देण्याचं कबूल करून पद्धत घेतली आणि एवढी यशस्वी केली की तिला पुढे 'वेल्श पद्धत' म्हणू लागले. कॉर्टचं मात्र १७८९ मध्ये दिवाळं वाजलं, पेटंट सरकारजमा झालं आणि ते दहा शिलिंग नंतर कोणी मागितलेच नाहीत.

माल बंदराला न्यायला १७९४ मध्ये कार्डिफपर्यंत कालवा झाला. त्यावर क्रॉशेंचा एवढा वरचष्मा की बाकीच्या कारखानदारांनी कंटाळून आपला वेगळा रूळमार्ग टाकला. याच मार्गावर २१ फेब्रुवारी १८०४ रोजी ट्रेव्हिथिक या अभियंत्याचं वाफेचं इंजिन दहा टन लोखंड घेऊन धावलं. रेल्वेच्या इतिहासात हा दिवस मोठा; त्याच्या मुळाशी मात्र शेजाऱ्यांची भांडणं. १८१० मध्ये रिचर्ड गेला तेव्हा त्याची मालमत्ता पंधरा लाख पौंडांची सांगत.

पुढची पिढी लंडनला बसून विक्री पाहू लागली आणि नातू, धाकटा विल्यम, कारखान्यावर आला. त्याने १८२५ पर्यंत समोरच्या टेकाडावर किल्लेवजा वाडा उठवला. खर्च तीस हजार पौंडांच्या घरात. लंडनच्या बापाला हा डामडौल मुळीच पसंत नव्हता. वाड्याच्या खिडक्यांतून रात्री भट्ट्यांचा उजेड दिसे. मालकाला ते दृश्य आवडत असणार.

मर्थरच्या कामगारांचं १८३१ चं बंड याच विल्यमच्या काळातलं. लोखंडाचे भाव पडले, मजुरी कापली गेली, मे महिन्यात ८४ पडलरना कामावरून काढलं. त्यात कर्जवसुलीच्या कोर्टाचे बेलिफ घरातल्या वस्तू उचलून नेत होते. ३ जूनला एका खानावळीसमोर सैनिकांनी गोळीबार केला. किमान सोळा माणसं मेली. एका सैनिकाला जखमी केल्याच्या आरोपावरून डिक पेंडेरिन या तरुण खाणकामगाराला १३ ऑगस्टला कार्डिफमध्ये फाशी दिली. तो निर्दोष होता असंच वेल्समध्ये आजही मानतात. एक गोष्ट मात्र विल्यमच्या बाजूने नोंदवली पाहिजे : मजुरीच्या बदल्यात मालकाच्याच दुकानातून चढ्या भावाने माल घ्यायला लावण्याची पद्धत वेल्सभर होती, ती कव्हार्थ्वात नव्हती. मजुरी रोख मिळे. कापून, पण रोख.

आता शेवटच्या धन्याकडे, म्हणजे विल्यमच्या मुलाकडे, रॉबर्टकडे. हेन्री बेसेमर या इंग्रज संशोधकाने १८५६ मध्ये पोलादाची नवी पद्धत जाहीर केली. वितळलेल्या बिडातून हवा फुंकायची, वीसेक मिनिटांत पोलाद तयार. पडलर नको, त्याचा डोळा नको. शेजारच्या डाउलाइसने, म्हणजे गेस्ट घराण्याच्या कारखान्याने, परवाना त्याच वर्षी घेतला. कव्हार्थ्वाने घेतला नाही. रॉबर्टवरचा मुख्य आरोप तो हाच. पण परवाना घेणाऱ्यांचं तरी काय झालं? पहिलं पोलाद ठिसूळ निघालं. मर्थरच्या खनिजात फॉस्फरस होता आणि बेसेमरच्या भट्टीत तो जात नव्हता. डाउलाइसला पोलाद जमायला जवळजवळ दशक गेलं, आणि जमलं ते बाहेरचं खनिज आणून. १८७३ मध्ये स्पेनमधल्या बिल्बाओच्या खाणींसाठी जी कंपनी निघाली तिच्यात डाउलाइस भागीदार होतं. म्हणजे जी जागा खनिज पायाखाली असल्यामुळे निवडली, तिथे आता समुद्रापलीकडून खनिज आणून डोंगरात चढवायचं. कव्हार्थ्वाचं घडीव लोखंड नावाजलेलं होतं, गिऱ्हाईक बांधलेलं होतं. १८६० च्या आसपास 'थांबू या' म्हणणारा माणूस मूर्ख नव्हता.

त्यात १८६४ मध्ये तो ९९ वर्षांचा पट्टा संपला. आता शंभर पौंडांत कोण देणार होतं? आणि म्हातारा विल्यम १८६७ पर्यंत हयात होता, इंग्लंडमधल्या कॅव्हरशमच्या घरी. तेव्हा न घेतलेल्या निर्णयाचं सगळं खापर मुलावर फोडणं मला तरी पटत नाही.

बंद करण्याचा निर्णय मात्र त्याचाच. १८७३ नंतर मंदी आली, घडीव लोखंडाच्या रुळांना गिऱ्हाईक उरलं नाही. त्याने मजुरीत कपात मागितली. कामगारांनी, आता संघटनेच्या बळावर, नाही म्हटलं. टाळेबंदी आली, आणि तो जिवंत असेपर्यंत कव्हार्थ्वाच्या भट्ट्या पुन्हा धडपणे पेटल्या नाहीत. इथे हिशेब संपतो आणि हट्ट सुरू होतो.

या हट्टी माणसाला १८६० मध्ये झटका येऊन बहिरेपण आलं होतं. मग त्याने फोटोग्राफीचा नाद धरला. थोरल्या मुलीला नाना वेष चढवून तो तासन्‌तास कॅमेऱ्यापुढे बसवायचा. काचेवरचे रसायनांचे सोपस्कारही तिच्याकडूनच. बायको रोझ मेरी वेगळ्याच घडणीची. तिने १८६६ च्या स्त्रीमताधिकाराच्या अर्जावर सही केली, मोफत वाचनालयं काढली, १८७१ मध्ये शाळा मंडळावर निवडून आली. नवरा-बायकोचं फारसं जमलं नाही. म्हणून शिळेवरची क्षमा कामगारांसाठी की घरच्यांसाठी, हा प्रश्न विचारणारेही आहेत. आणि मरणाच्या दारात ख्रिस्ती माणूस ती मागतोच, हेही विसरू नये.

योगायोग असा की फॉस्फरसची अडचण सोडवणारी पद्धत मर्थरहून फार लांब नसलेल्या ब्लेनाव्हनमध्ये तयार झाली आणि तिचा बोलबाला झाला तो १८७९ मध्येच. मुलांनी कर्ज काढून १८८० च्या दशकात कव्हार्थ्वात पोलाद आणलं. पण तोवर डाउलाइसवाल्यांनी कार्डिफच्या किनाऱ्यावर नवा कारखाना काढायला घेतला होता. १८९१ मध्ये तो सुरूही झाला. १९०२ मध्ये क्रॉशेंनी कारखाना विकला तो गेस्ट हे नाव पुढे चालवणाऱ्या कंपनीला. भांडुपच्या एलबीएस रस्त्यावर गेस्ट कीन विल्यम्सची पाटी ज्यांना आठवते, त्यांनी त्यातला पहिला शब्द म्हणजे हेच डाउलाइसचं घराणं समजावं.

नव्या मालकांनी १९१० मध्ये कव्हार्थ्वा बंद केला. महायुद्धात तोफगोळ्यांसाठी तो पुन्हा चालला, १९१९ मध्ये कायमचा थांबला, १९२८ मध्ये मोडीत निघाला. वाडा त्याआधीच नगरपालिकेने घेतला होता. तिथे संग्रहालय झालं आणि पुढे शाळाही भरली. नदीकाठी दगडी भट्ट्यांची रांग अजून उभी आहे, आणि वाड्याच्या खिडक्यांचं तोंड त्याच बाजूला आहे.