शाळेत उपज शिकवणं (पाच सुरांची पद्धत)

उपज म्हणजे गाता-वाजवताना तिथल्या तिथे सुचलेलं संगीत, हल्ली सगळे त्याला इम्प्रोव्हायझेशन म्हणतात. शाळेतल्या मुलांना हे शिकवताना बाराच्या बारा सूर समोर ठेवत नाहीत, दोन, तीन किंवा फार तर पाच देतात आणि तेवढ्यातच स्वतःचं काहीतरी बनवायला लावतात. आधी खूप वर्षं रियाज, मग उपज असा समज पक्का बसलाय, पण सूर कमी ठेवले तर सहा-सात वर्षांचं मूलही पहिल्या तासाला चार मात्रांचा स्वतःचा तुकडा वाजवतं.

पाचच सूर का, तर शुद्ध स्वरांच्या सप्तकात ग-म आणि नि-वरचा सा या दोनच जोड्यांमध्ये अर्ध्या सुराचं अंतर असतं, म आणि नि काढून टाकले की उरतात सा रे ग प ध, म्हणजे आपल्या भूप रागाचे सूर, आणि यातले कुठलेही दोन एकदम वाजले तरी कानाला टोचत नाहीत. त्यामुळे अख्खा वर्ग एकाच वेळी वेगवेगळं वाजवत असला तरी चालतं. कीबोर्डवर नुसत्या काळ्या पट्ट्या वाजवल्या आणि काळी तीनला (तीन काळ्या पट्ट्यांच्या गटातल्या पहिल्या पट्टीला) सा धरला तरी हेच पाच सूर मिळतात.

ही पद्धत शाळांमध्ये रुजली त्यात जर्मन संगीतकार कार्ल ऑर्फ यांचा वाटा मोठा. १९२४ मध्ये म्युनिकला डोरोथी गुंथर यांच्याबरोबर त्यांनी संगीत आणि नाच एकत्र शिकवणारी संस्था काढली, पुढे गुनिल्ड केटमन यांच्याबरोबर मुलांसाठी केलेलं काम १९५० ते १९५४ मध्ये पाच खंडांत छापून आलं. ऑर्फ यांच्या झायलोफोनच्या (काठीने ठोकून वाजवायच्या पट्ट्यांच्या वाद्याच्या) पट्ट्या उचलून बाजूला ठेवता येतात, म आणि नि काढून ठेवले की नको तो सूर लागायचा प्रश्नच उरत नाही (मला वाटतं इतका साधा आणि इतका उपयोगी शोध संगीत शिक्षणात क्वचितच लागला असेल). स्वित्झर्लंडचे एमिल जाक-दालक्रोझ यांनी तर त्याआधीच शरीराच्या हालचाली आणि कान तयार करण्याच्या जोडीला उपज हा शिक्षणाचा मुख्य भाग मानला होता.

प्रत्यक्ष वर्गात सुरुवात लयीपासून होते. शिक्षक चार मात्रांची टाळी वाजवतात, मुलं तशीच परत देतात, मग तशीच न देता वेगळी द्यायची. त्यानंतर प आणि ग हे दोनच सूर, मग ध, आणि शेवटी सा रे. खाली सा आणि प एकत्र धरून ठेवलेले असतात, त्या आधारावर एकाने वाजवून प्रश्न टाकायचा आणि दुसऱ्याने वाजवूनच उत्तर द्यायचं, प्रश्न सा सोडून कुठेही थांबेल पण उत्तर सा वर येऊन टेकलं पाहिजे. या एका नियमाने मुलांना वाक्य पूर्ण झाल्याचं जितकं चटकन कळतं तितकं फळ्यावर लिहून कधीच कळत नाही. सगळ्यांनी मिळून एक ठरलेला तुकडा वाजवायचा आणि मध्ये एकेकाची पाळी अशीही रचना करतात, लाजऱ्या मुलांना ती बरी पडते कारण आपली पाळी आठ मात्रांतच संपते.

"काहीही वाजव" असं सांगितलं की मूल बहुतेक वेळा गोठतं. "फक्त ग आणि प, आणि एक मात्रा मोकळी सोड" असं सांगितलं की हात चालायला लागतो. मोकळी मात्रा खरंच महत्त्वाची आहे, नाहीतर मुलं न थांबता वाजवत सुटतात. आणि पाळी चालू असताना मध्येच चूक काढू नये, एकदा टोकलं की पुढचे कित्येक तास ते मूल शिक्षकाला आवडेल तेवढंच वाजवतं.

पाच सूर हातात बसले की सा ची जागा हलवायची. त्याच पट्ट्या ठेवून ध ला सा मानलं तर धानी रागाचे सूर मिळतात, ग ला मानलं तर मालकंसाचे, प ला मानलं तर दुर्गा रागाचे, एकही पट्टी न बदलता सगळा रंग बदलतो आणि मुलं अक्षरशः चकित होतात. म आणि नि परत आणायचे ते यानंतर, तोवर कान इतका तयार झालेला असतो की नि वाजल्याबरोबर तो सा कडे ओढतोय हे मुलं स्वतःच सांगतात.