अ‍ॅग्रेगेटम की लिंडलेयी? एका ठेंगण्या ऑर्किडच्या नावाची पार्श्वभूमी

रोपाबरोबर आलेल्या लेबलवर 'डेंड्रोबियम अ‍ॅग्रेगेटम' लिहिलेलं असतं. हेच नाव शोधत पुस्तक चाळलं तर 'पाहा: डेंड्रोबियम लिंडलेयी' एवढ्यावर बोळवण होते. रोप एकच आहे. सालीवर एकमेकांना खेटून बसलेले, बोटापेक्षा आखूड, कंगोरे असलेले बल्ब (पाणी साठवणारी फुगीर खोडं), प्रत्येकाच्या टोकाला एकच जाड, चिवट पान आणि वसंतात सोनपिवळ्या, मधासारख्या वासाच्या फुलांचे लोंबते घोस. ईशान्य भारतापासून म्यानमार, थायलंडमार्गे दक्षिण चीनपर्यंतच्या जंगलांत ते झाडांच्या फांद्यांवर वाढतं.

अ‍ॅग्रेगेटम म्हणजे 'घोळका करून राहणारं'. या रोपाला इतकं चपखल नाव दुसरं नाही. ते छापलं गेलं १८३२ साली, भारतीय वनस्पतींवरच्या एका ग्रंथात. पण ग्रंथ बाहेर येईपर्यंत लेखकाला जाऊन सतरा वर्षं झाली होती. दरम्यान, १८१६ मध्ये दक्षिण अमेरिकेतल्या एका भलत्याच ऑर्किडला हेच नाव दिलं गेलं होतं. ते पाहायला, हरकत घ्यायला बिचारा हयातच नव्हता. १८४० मध्ये कुणीतरी हा घोळ हेरला आणि आशियातल्या रोपाला लिंडलेयी हे नवं नाव दिलं. बागायतदारांनी त्याकडे काणाडोळा केला, आणि त्यांचंही फारसं चुकलं नव्हतं. ते अमेरिकी रोप मुळात डेंड्रोबियम नव्हतंच. त्याची रवानगी लवकरच मॅक्सिलारिया या वंशात झाली, म्हणजे नाव पुन्हा मोकळं झालं, अशीच तेव्हाच्या अनेकांची समजूत होती.

ती मोडली १९३० च्या वनस्पतिशास्त्रज्ञांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत. एकदा वापरलेलं नाव, मग ते रोप पुढे कुठल्याही वंशात जावो, दुसऱ्याला द्यायचं नाही, असं तिथे ठरलं. नियम शिस्तीचा आहे, हे मान्य. कोणतं जुनं नाव 'मेलं' आणि कोणतं जिवंत, हा वाद प्रत्येक पिढीत नव्याने घालण्यापेक्षा तो बरा. तरी या एका रोपापुरता तो अन्यायच वाटतो: ज्या वंशात ते अमेरिकी ऑर्किड टिकलं नाही, तिथली जागा ते आजही अडवून बसलं आहे.

लागवडीचा इतिहास यापेक्षा सरळ आहे. उष्ण प्रदेशातलं रोप म्हणजे त्याला बारमाही ऊब आणि दमट हवा हवी, या समजुतीने १९ व्या शतकात युरोपातल्या बंदिस्त काचघरांत ऑर्किडं अक्षरशः उकडून मारली गेली. या रोपाच्या जंगलात हिवाळा कोरडा असतो, रात्री थंड असतात. म्हणून थंडी सुरू झाली की पाणी जवळजवळ बंद करायचं, अधूनमधून नुसता फवारा. रात्री १० ते १३ अंश सेल्सिअस, दिवसा भरपूर उजेड. बल्ब सुरकुततात. सुरकुतू द्यावेत. मी पहिली दोन वर्षं दया येऊन पाणी घालत राहिलो. पानं टवटवीत आली, फुलोरा एकही नाही. फुलांचा दांडा नीट दिसू लागला की पाणी हळूहळू वाढवायचं. मुळांना हलवलेलं खपत नाही, त्यामुळे कुंडीपेक्षा सालीचा किंवा बुचाचा तुकडा बरा.

१९२२ मध्ये साखर घातलेल्या अगारवर (समुद्री शैवालाच्या जेलीवर) बुरशीच्या मदतीशिवाय ऑर्किडचं बी रुजवण्याची कृती प्रसिद्ध झाली. पुढे १९७५ मध्ये वन्य जीवांच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार लागू झाला आणि जंगलातून ओरबाडलेल्या रोपांच्या व्यापाराला लगाम बसला. आता बाटलीत वाढवलेली रोपं सहज मिळतात. लेबल मात्र एकावरून दुसऱ्यावर उतरवलेलं, जुन्याच नावाचं.

त्यातून आणखी एक गुंता होतो. जेनकिन्सी या सख्ख्या भावंडाचं वर्णन १८३९ मध्ये स्वतंत्र जाती म्हणून झालं होतं. १९ व्या शतकाच्या अखेरीस ते अ‍ॅग्रेगेटमचा नुसता प्रकार ठरलं, आणि आता पुन्हा वेगळं मानलं जातं. म्हणून जुन्या लेबलाखाली दोघांपैकी कोणीही निघू शकतं. फुलं मोजावीत: लिंडलेयीच्या घोसात ती डझनभर असू शकतात, जेनकिन्सीच्या दांड्यावर एक ते तीन. त्याचे बल्बही निम्म्याहून लहान असतात.