बॅटरी उतरली की अर्थिंग खराब?

नवी बॅटरी टाकली आणि महिना-दोन महिन्यांत गाडीचा सेल्फ (इंजिन सुरू करणारी मोटर) पुन्हा अधूनमधून दगा देऊ लागला, असं झालं असेल तर जुनी बॅटरी बहुधा चांगलीच होती. दोष होता तिच्या जाड वायरींच्या जोडांत, त्यातही इंजिन आणि बॉडी यांना जोडणाऱ्या अर्थिंगच्या पट्टीत, जिच्यातून वीज बॅटरीकडे परत जाते. उदाहरणार्थ, मारुती ८०० चं उत्पादन जानेवारी २०१४ मध्ये थांबलं. म्हणजे आज रस्त्यावर दिसणारी प्रत्येक ८०० दहा वर्षांहून जुनी आहे. या वयात तांब्याचे जोड काळे-हिरवे पडतातच, कोकणच्या खाऱ्या हवेत तर आधीच. तरी पहिला संशय बॅटरीवर जातो, कारण लक्षणं वरवर सारखीच: किल्ली फिरवली की नुसतं ‘टक्’, सेल्फ फिरतच नाही किंवा रडत फिरतो.

दोन्ही बाबतींत सेल्फला पुरेसे व्होल्ट मिळत नाहीत. उतरलेल्या बॅटरीत ते मुळातच नसतात, खराब जोडात ते वाटेतच संपतात. छोट्या पेट्रोल इंजिनाचा सेल्फ शंभरेक अँपिअर ओढतो, तर दोन्ही हेडलाइट मिळून साधारण दहा. बॅटरीच्या क्लॅम्पमध्ये (खुंटीवर वायर आवळून धरणाऱ्या पकडीत) ०.०२ ओहमचा अडथळा तयार झाला, तर हेडलाइटच्या वाटेत फक्त ०.२ व्होल्ट गळतात आणि दिवे लख्ख दिसतात. सेल्फचे शंभर अँपिअर तिथून जाऊ लागले की २ व्होल्ट तिथेच जिरतात. म्हणून ‘लाइट जोरात आहे, म्हणजे कनेक्शन ठीक’ हा निष्कर्ष काढू नये. तसंच, बंद गाडीत मल्टिमीटरवर (व्होल्ट मोजायच्या मीटरवर) १२.६ व्होल्ट दिसले म्हणून वायरी निर्दोष ठरत नाहीत. शंभर तारांपैकी एकच तार शाबूत असली तरी मीटर तेवढेच दाखवील.

मला सगळ्यात भरवशाची खूण वाटते ती त्रास कसा येतो-जातो याची. बॅटरी म्हातारी होते ती एकाच दिशेने. सकाळचा पहिला सेल्फ जड होत जातो, गाडी दोन दिवस उभी राहिली की आणखी जड, थंडीत सगळ्यात वाईट, आणि चार्ज केली की थोडे दिवस बरी. खराब जोड मात्र काही ठरवून वागत नाही. सकाळी ठणठणीत, दुपारी गरम इंजिनावर बंद, क्लॅम्प हाताने हलवला की पुन्हा सुरू. हेडलाइट लावल्यावर पेट्रोलचा काटा हलणं किंवा इंडिकेटरबरोबर पार्किंगचे दिवे लुकलुकणं, हेही अर्थिंग खराब झाल्याचंच लक्षण, मात्र बॉडीच्या बाजूचं. इंजिनाची पट्टी तुटली असेल तर विजेला दुसरी वाट शोधावी लागते. ती अ‍ॅक्सिलरेटरच्या किंवा क्लचच्या केबलमधून परत येते. दोन-तीनदा सेल्फ मारल्यावर केबल गरम लागली, तर शंकेला जागा उरत नाही. ती केबल पुढे आतून जळून अडकू शकते, म्हणून हे दुर्लक्ष करण्यासारखं नाही.

जंपर (दुसऱ्या बॅटरीवरून वीज घ्यायच्या जाड वायरी) लावून गाडी सुरू झाली की सगळे म्हणतात, बॅटरीच गेली. पण जंपरची काळी क्लिप आपण इंजिनाच्या उघड्या धातूवर लावतो (तीच योग्य पद्धत आहे), त्यामुळे खराब पट्टीला आपोआप वळसा पडतो. नवी बॅटरी बसवतानाही क्लॅम्प घासले आणि कसले जातात, म्हणून काही आठवडे सगळं सुरळीत चालतं. धक्का मारून सुरू करण्यातूनही काही कळत नाही, कारण तिथे सेल्फचं कामच पडत नाही.

निवाडा करायचा तर वीज वाहत असताना मोजावं. गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला, किल्लीपाशी दुसरं माणूस. मीटरच्या दोन्ही सुया क्लॅम्पवर न टेकवता बॅटरीच्या शिशाच्या खुंट्यांवर टेकवा आणि सेल्फ मारा. आकडा ९.६ च्या खाली गेला तर आधी बॅटरी पूर्ण चार्ज करून पुन्हा बघा. तरीही तसंच झालं आणि सेल्फ जाम नसेल, तर बॅटरी संपली आहे. पाणी भरायची बॅटरी असेल तर हायड्रोमीटरने (आतल्या आम्लाची घनता मोजणाऱ्या नळीने) सहाही सेल तपासा. एकाचं माप बाकीच्यांपेक्षा ०.०५० ने कमी आलं, तर तो सेल गेला.

आकडा ११ च्या वर टिकला आणि सेल्फ मात्र सुस्त किंवा गप्प, तर वायरींकडे वळा. एक सुई बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटीवर, दुसरी इंजिनाच्या उघड्या धातूवर ठेवून सेल्फ मारा. इथे ०.२ व्होल्टच्या आसपास चालतं. अर्धा-एक व्होल्ट दिसला तर अर्थिंग दोषी. पॉझिटिव्ह खुंटीपासून सेल्फच्या जाड बोल्टपर्यंत असंच मोजा, तिथे ०.५ पर्यंत सोसतं. दोन्हीकडे जवळपास शून्य आणि सेल्फ गप्प, तर वायरी सोडा. सोलेनॉइडचे (सेल्फला वीज जोडणाऱ्या स्विचचे) कॉन्टॅक्ट, सेल्फचे कार्बन ब्रश किंवा किल्लीची वायर बघायची.

मीटर नसेल तर जंपरची एकच वायर पुरते. तिचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरं इंजिनाला लावा. एवढ्यावर सेल्फ जोमाने फिरला, तर पट्टी बदला.

दोन्ही दोष एकाच वेळी असूही शकतात. अल्टरनेटरला (चालू गाडीत बॅटरी चार्ज करणाऱ्या जनित्राला) अर्थिंग इंजिनातूनच मिळतं. पट्टी खराब असेल तर अल्टरनेटरने १४.२ व्होल्ट दिले तरी बॅटरीपर्यंत १३ च्या आसपासच पोचतात, आणि चांगली बॅटरी रोज अर्धपोटी राहून खरोखर मरते. अशा वेळी आधी पट्टी, मग बॅटरी.

पट्टी बदलताना आधी निगेटिव्ह क्लॅम्प काढा. बॉडीवर जिथे बोल्ट बसतो तिथला रंग आणि गंज सँडपेपरने चकचकीत होईपर्यंत घासा; रंगावर कसलेला बोल्ट कितीही घट्ट असला तरी व्यर्थ. क्लॅम्पवरची पांढरी भुकटी गरम पाण्यात खायचा सोडा घालून धुवा, पण ते पाणी सेलच्या झाकणांतून आत जाऊ देऊ नका. धातूला धातू भिडवून कसल्यानंतरच वरून पेट्रोलियम जेली लावा. निगेटिव्ह सगळ्यात शेवटी जोडा.