अवयवाची पेटी किती गार हवी?

नागपुरात ग्रीन कॉरिडॉर झाला, म्हणजे दान केलेला अवयव नेण्यासाठी रस्ता मोकळा केला, की दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो येतो: पुढे पोलिसांची गाडी, मागे रुग्णवाहिका, डॉक्टरांच्या हातात एक पेटी. बातमी सगळी वेगाची. पेटीबद्दल एक ओळ नसते, आणि बहुतेकांना वाटतं की तिच्यात बर्फ ठासून भरला की झालं. चंद्रपूर-यवतमाळच्या दृष्टीने मात्र खरा प्रश्न या पेटीचाच आहे.

अवयव शरीराबाहेर काढला म्हणून त्याच्या पेशी लगेच मरत नाहीत. प्रत्येक पेशीच्या पटलात पंप चालू असतात. ते सोडियम बाहेर टाकतात, पोटॅशियम आत घेतात. रक्त थांबलं की ऑक्सिजन तुटतो आणि या पंपांचं इंधन, म्हणजे एटीपी, संपत जातं. म्हणून अवयव थंड करायचा. तापमान 10 अंशांनी उतरलं की पेशीतल्या क्रिया निम्म्यावर किंवा त्याहून खाली येतात. 37 वरून 4 अंशांवर आणलं तर जेमतेम दहावा हिस्सा उरतो.

पण थंडीने पंपही मंदावतात! मग सोडियम आत शिरतो, मागोमाग पाणी येतं आणि पेशी फुगतात. यावर विस्कॉन्सिन विद्यापीठात बेल्झर आणि साउदर्ड यांनी 1980 च्या दशकात शोधलेला तोडगा मला फार देखणा वाटतो. अवयवात सोडायच्या द्रावणातच त्यांनी पोटॅशियम भरपूर आणि सोडियम कमी ठेवलं, शिवाय लॅक्टोबायोनेट आणि रॅफिनोज हे मोठे रेणू घातले. ते पटलातून आत जात नाहीत; बाहेरच राहून परासरण दाब सांभाळतात, त्यामुळे पाणी आत ओढलं जात नाही. अशा द्रावणात मूत्रपिंड 24 तास सहज टिकतं, यकृत 12 तासांच्या आसपास, हृदय मात्र 4 ते 6 तासच. (किडनी चोरून नेल्याच्या मोबाइलवर फिरणाऱ्या गोष्टी इथेच कोसळतात. हे द्रावण, शस्त्रक्रियागृह आणि रक्तगट-ऊतक जुळणी यांशिवाय काढलेली किडनी कुणाच्याच कामाची नसते.)

फ्रीजरमधला बर्फ उणे 18 ते 20 अंशांचा असतो. तो टेकला तर ऊतक गोठतं आणि स्फटिक पेशी फाडतात. ही गोष्ट आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या सिस्टरला पाठ असते. लसीच्या डब्यात ठेवण्याआधी ती आइसपॅक थोडा वेळ बाहेर ठेवते, कानाशी हलवून आत पाणी वाजतं का ऐकते आणि मगच भरते, कारण हेपॅटायटिस-बी ची लस गोठली की वाया जाते. पाणी सुटलेला बर्फ पूर्ण वितळेपर्यंत शून्यावरच थांबतो.

अवयवाला मात्र शून्यापेक्षा 4 ते 8 अंश जास्त मानवतात. मग शून्याऐवजी 6 अंशांवर वितळणारा पदार्थच का घेऊ नये? टेट्राडेकेन नावाचं पॅराफिन तिथेच वितळतं. ते गोठवायला फ्रीजर लागत नाही, साध्या फ्रिजमधला 3 अंशांचा कप्पा पुरतो.

हिशेब करून पाहू. 30 सेंटिमीटरची चौकोनी पेटी, भिंतीत 4 सेंटिमीटर पफ (उष्णता अडवणारा पॉलियुरेथेनचा फोम). मे महिन्यात बाहेर 46 अंश, आत 6. पफची उष्णतावाहकता 0.025 धरली तर भिंतींतून साडेतेरा वॅट उष्णता आत येते, म्हणजे 10 तासांत सुमारे 490 किलोज्यूल. टेट्राडेकेनचा एक किलो वितळताना 220 किलोज्यूल गिळतो, म्हणजे सव्वादोन किलो. झाकणाच्या फटी धरून चार किलो भरा. वीज नको, पंप नको. द्रावण पंपाने खेळवणारी यंत्रं मूत्रपिंडासाठी अधिक चांगली, पण त्यांची किंमत लाखांत जाते.

अवयवदान कायद्यातल्या 2011 च्या दुरुस्तीमुळे जिथे प्रत्यारोपण होत नाही अशा नोंदणीकृत रुग्णालयातही अवयव काढता येतो. म्हणजे मूत्रपिंड चंद्रपुरात काढून दीडशे किलोमीटरवर नागपूरला पोहोचवणं कायद्याने शक्य आहे. विदर्भातल्या अभियांत्रिकीच्या मुलांनी ही पेटी शेवटच्या वर्षाचा प्रकल्प म्हणून घ्यावी. सुरुवातीला अवयवही लागणार नाही: आत सलाइनची पिशवी, तिला चिकटवलेला थर्मिस्टर (तापमान मोजणारा छोटा सेन्सर), आणि पेटी मे महिन्यात दुपारी उन्हात उभ्या केलेल्या गाडीत. दर मिनिटाची नोंद ठेवा आणि काटा 8 च्या वर कधी जातो ते पाहा.